तीन नंबरचं गेट

वाघझरी धरणाचं तीन नंबरचं गेट
डिसेंबरात अर्धवट बसलं, मग हलेना.
शाखा अभियंता म्हणाले, जाळीत काहीतरी अडकलंय.
काहीतरी म्हणजे बाभूळ, आख्खी, मुळासकट,
आणि तिच्या काट्यांत कुणाचं तरी नायलॉनचं जाळं.
एकवीस मीटर.
खाली हाताला हात दिसत नव्हता,
टॉर्चच्या उजेडात नुसता ढवळलेला चहा.

बचाव पथकातले आम्ही दोघं,
मी आणि हिवराज गजभिये.

करवतीनं सुटलेली फांदी माझ्याच खांद्यावर आली.
आधी आवाज आला,
पाठीमागे कुणी डाळीला फोडणी घालावी तसा.
नळी फाटली होती.
काटा शंभरावर, सत्तरावर, मग मी बघणं सोडलं.
पुढची ओढ घेतली तर तोंडात नुसतं रबर.

तळहात आडवा गळ्यावरून फिरवायचा.
नागपूरच्या तरणतलावात ही खूण शंभरदा केलेली, हसत.
कोंबडी कापल्यावानी कर गा, म्हणायचा हिवराज.
इथं केली ती त्या गढुळात कुणाला दिसणार?
चाचपडत त्याच्या छातीचा पट्टा धरला
आणि ओढला, म्हशीचं दावं ओढतात तसा.

त्यानं स्वतःच्या तोंडातली काढली, लांब नळीची,
माझ्या दातांत दिली,
बटण दाबून आतलं पाणी उडवलं,
आणि मग गळ्याशी बांधलेली छोटी शोधली.
मधले तीन-चार क्षण त्याच्याकडे काहीच नव्हतं.
हे मी आता मोजतो.
तेव्हा मी फक्त पीत होतो.

रबरावर त्याच्या दातांचे खळगे होते.
माझे दात त्यात बसेनात.
आणि खर्र्याची चव, मंद,
सकाळी पाळीवर बसून घोटलेल्या खर्र्याची.

सरावात नळ्या बदलायला सांगायचे
तेव्हा मी रबर तीनदा धुवायचो, डेटॉलनं.
सर्दी आहे म्हणायचो.
बारा महिने सर्दी.
हिवराज तोवर फिन्सचे पट्टे घट्ट करत बसायचा,
घट्टच असलेले.

आमच्या घरी पडवीच्या फळीवर एक कप आहे, बिनकानाचा.
मी तो ठेवला नाही.
मी तो काढलाही नाही.
गेल्या दिवाळीत हिवराज आला
तेव्हा आईनं त्यातच चहा दिला.
त्यानं कप एकदा फिरवून पाहिला.
मी बिस्किटं पुढे केली.

वर जायचं हळू.
श्वास कोंडायचा नाही, सोडत राहायचं,
कोंडला तर आपलाच श्वास छाती फाडतो.
त्याची मूठ माझ्या पट्ट्यात, माझी त्याच्या.
एका सिलिंडरवर दोघं,
काटा दुप्पट वेगानं उतरत होता
आणि तो मला दिसू नये म्हणून
हिवराजनं त्यावर पंजा ठेवला होता.

पाच मीटरवर थांबलो.
त्यानं तीन बोटं दाखवली, तीन मिनिटं.
इथं पाणी हिरवं होतं, माणूस दिसत होता.
काचेआड त्याचे डोळे लाल, कंटाळलेले,
बस उशिरा येणार म्हटल्यावर असतात तसे.
आमचे बुडबुडे वर जात होते.
त्यांतले कोणते कुणाचे,
मी पाहत होतो. सवयीनं असेल.

काठावर अभियंत्यांनी शाल टाकली,
कुणी थर्मास उघडला.
माझे दात वाजत होते.
हिवराजनं खिशातली पुडी काढली, ओली झालेली,
फेकून दिली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
"नळी धुजो गा आता. डेटॉल गाडीत हाय."

गेट दुसऱ्या दिवशी बसलं.

त्या रात्री मी फळीवरचा कप काढला,
धुतला नाही,
आणि आईसमोर त्यात चहा ओतून घेतला.
ती चुलीकडे बघत राहिली.
कान नसल्यामुळे तो धरवत नाही.
या बोटातून त्या बोटात घ्यावा लागतो,
फुंकत, खाली ठेवत, पुन्हा उचलत.
मला हे माहीतच नव्हतं.